उजव्या खांद्यावरचा पदर

१

पडदा सरकला आणि सगळी समाजवाडी एकदम गप्प झाली. पाटावर कानबाई नव्हती.

हिरवं लुगडं जागच्या जागी होतं. चुडा होता, हळदीकुंकवाचे करंडे होते, झेंडूचा हार होता, बाजूला समई तेवत होती. त्याखेरीज पाटावर काहीच नव्हतं. चांदीचे डोळे लावलेला, नथ घातलेला जुना नारळ, म्हणजे खुद्द देवीच, नाहीशी झाली होती.

आरतीचं तबक हातात घेऊन नूतन बागुल उभी होती. सुरतेतल्या पांडेसऱ्याची कॉर्पोरेटर. डोक्यावरून पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू. देवळासमोरच्या आमलेटच्या गाड्या हिनेच उठवल्या, गल्लीतले दारूचे अड्डे हिनेच बंद पाडले. धर्म, घर आणि शिस्त, या तीन शब्दांवर तिने निवडणूक लढवली आणि जिंकली. राघो बागुलांच्या घरी ती मुलगा म्हणून जन्मली होती, हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं. तिनेही ते कधी लपवलं नव्हतं. ऑपरेशन, कोर्टकचेरी, नावातला बदल, सगळं तिने उजेडात केलं होतं. पक्षाला तिचा अभिमान होता. निदान भाषणांत तरी होता.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर जाते. वाडीतली, म्हणजे समाजाच्या सभागृहातली, कानबाई साऱ्यांची. तिचा नारळ पूजा मांडणाऱ्या सुभद्राबाईंच्या सासूने शिंदखेड्याहून आणलेला, पिढ्यान्‌पिढ्या पूजलेला. यंदा नथ नूतनने वाहिली होती आणि आरतीचा मान तिला मिळाला होता.

गर्दीतून एक आवाज आला, "आई निघून गेली! तो ओवाळणार म्हटल्यावर थांबेल कशाला?"

तो. नूतनच्या कानात तेवढं एकच अक्षर गेलं आणि तिच्या मस्तकात तिडीक उठली. तिने तबक खाली ठेवलं.

"कोण बोललं? पुढे या."

कोणी आलं नाही. माइक घेतला तो मंडळाचा अध्यक्ष गजेंद्र देवरे याने. या वॉर्डाचं तिकीट आपल्याला मिळणार म्हणून त्याने मागच्या खेपेला फटाके आणून ठेवले होते. ते तसेच सादळले.

"शांत राहा," तो म्हणाला. "देवी कुठे जात नसते. देवीला नेतात. दुपारी मासी लोक येऊन गाणं म्हणून गेले. त्यांच्याजवळ पिशवी होती. आणखी काय सांगू?"

सुरतेत किन्नरांना मासी म्हणतात. गजेंद्रचं वाक्य संपायच्या आत बाहेर आरडाओरडा झाला. नूतन फाटकाकडे धावली. तिथे चार-पाच पोरं एका बाईला केसांना धरून फरफटत आणत होती. त्या बाईला नूतन चांगली ओळखत होती.

२

"सोडा तिला!"

कॉर्पोरेटरचा आवाज ऐकून पोरं मागे झाली. भागीरथी उठून बसली. ओठ फुटला होता, डावा डोळा सुजायला लागला होता. ती मूळची नंदुरबारची, पण बहुचर मातेच्या मासींमध्ये राहून बोलणं-नेसणं सारं गुजराती झालेली. आयुष्यातली पहिली साडी नूतनला तिनेच नेसवली होती. पुढे नूतनने राजकारणाची वाट धरली आणि दोघींचं बोलणं बंद झालं.

"नूतनबेन," भागीरथी रक्त थुंकून म्हणाली, "आम्हाला चौकाचौकातून उठवायचा ठराव तुझाच ना? मग हे पण तुझंच. पोरांना कशाला ओरडतेस?"

तोवर पोलिसांची जीप आली होती. फौजदार चौधरी उतरले आणि त्यांनी नूतनच्या हातात मोबाईल ठेवला.

"बेन, सबूत आहे. गजेंद्रभाईंनी पाठवलंय."

फोटोत झेंडूच्या माळांमध्ये कानबाई होती. तिच्या मागे, कोठीच्या दाराशी, हातात कापडी पिशवी घेतलेली एक बाई. चेहरा पदराआड. पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला.

"आपल्या बायका डाव्या खांद्यावरून पदर घेतात," गजेंद्र मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "उजव्यावरून गुजराती पद्धत. आणि आज वाडीत गुजराती पद्धतीने नेसलेलं कोण होतं? या मासीच ना?"

एक मान डोलली, मग बाकीच्या डोलल्या. भागीरथीच्या अंगावरच्या साडीचा पदर उजव्या खांद्यावरूनच होता. चौधरींनी तिला जीपमध्ये बसवलं.

गजेंद्र नूतनला बाजूला घेऊन गेला आणि फोन पुढे केला. पलीकडे शहराचे नेते महेशभाई होते.

"नूतनबेन, कॅमेऱ्यासमोर एवढंच बोला की हे त्या लोकांचं काम आहे. आरती गजेंद्र करेल. तुम्ही त्यांच्यातल्या नाही हे दाखवायचा यापेक्षा चांगला मोका नाही. तिकीट कुठे जात नाही तुमचं."

"आणि नाही बोलले तर?"

"तर मग लोक म्हणतील की तुम्ही त्यांच्यातल्याच आहात."

फोन बंद झाला. गजेंद्र हसत नव्हता, पण त्याच्या गालाला हसण्याची खळी पडली होती.

नूतन म्हणाली, "उद्या सकाळी मिरवणूक आहे. तोपर्यंत मी काय बोलायचं ते ठरवेन. आत्ता मला विचारायचंय, बोलायचं नाही."

३

सुभद्राबाई रिकाम्या पाटासमोर बसून होत्या. सगळी वाडी त्यांना जिजी म्हणायची. नूतनच्या आईच्या मागे तिच्या डोक्यावरून मायेने हात फिरवणारी ही एकच म्हातारी.

"जिजी, मासी गेल्यावर काय काय झालं?"

"काय व्हनार माय? त्या गायन्या, मी त्यासले रोट ना देता फक्त खडीसाखर दिन्ही. त्या गेल्या. मंग मी पडदा वढा, नैवेद्य ठेवा आनि बाहेर येऊन बसनू. देवी जेवताना कोनी पाहू नही."

"मग आत कोणी गेलं?"

"मी त पुढेच व्हतू. मागून गयं आसीन कोनी."

मागे म्हणजे कोठी. कोठीचं दुसरं दार स्वयंपाकघरात उघडतं. नूतन तिकडे गेली. आठ-दहा बायका सोवळ्यात रोट भाजत होत्या. मधोमध कणकेने माखलेल्या हातांची उज्ज्वला, गजेंद्रची बायको. इतकी वर्षं अध्यक्षाच्या जोडप्याने आरती करायची रीत होती.

"उज्ज्वलावहिनी, मासी इथून गेल्या का?"

"इथून?" उज्ज्वला जवळजवळ ओरडली. "रोटाला परक्याची सावली चालत नाही. एक जरी मासी या दारात आली असती ना, तर आम्ही सगळं पीठ फेकून दिलं असतं. दिवसभर आमच्याशिवाय इथून कोणी गेलेलं नाही."

"तुम्ही मध्ये बाहेर गेला होता का?"

"साडी बदलायला गेले होते. संशय घ्यायचाय? घे. तू आरतीला मला नकोच होतीस. तोंडावर सांगते. पण देवीला हात लावायची माझी छाती नाही."

नूतनला तिचा राग आला आणि त्याच वेळी ती खोटं बोलत नाही हेही कळलं. जी बाई इतका द्वेष उघड सांगते, ती लपवणार काय?

मासी स्वयंपाकघरातून गेल्या नव्हत्या. पुढच्या बाजूने पिशवीत देवी घालून शंभर डोळ्यांदेखत जाणं शक्य नव्हतं. मग फोटोतली ती उजव्या पदराची बाई कुठून आली आणि कुठे गेली?

तिने गजेंद्रला गाठलं. "फोटो कोणी काढला?"

"व्हॉट्सॲपवर आला."

"कोणाकडून?"

"आता काय पोलिसगिरी करणार का ताई? आला कुठूनतरी."

तेवढ्यात कोपऱ्यात उभ्या असलेल्या मयुरीने, गजेंद्रच्या पुतणीने, मान खाली घातली आणि मोबाईल पटकन ओढणीखाली लपवला.

४

मयुरी कॉलेजात शिकणारी. तिला वाडीच्या गच्चीवर नेल्यावर ती रडायलाच लागली.

"काकांनी सांगितलंय कोणाला दाखवू नको म्हणून."

"मयुरी, एका बाईचा ओठ फुटलाय. तुझ्या फोटोवरून."

पोरीने मोबाईल दिला. नूतनने मूळ फोटो पाहिला. पोलिसांकडचा फोटो कापलेला होता. मुळात समोर मयुरीचाच मोठा चेहरा होता, ओठांचा चंबू केलेला. ती देवीकडे पाठ करून सेल्फी काढत होती. आणि एका कडेला, टाळी वाजवत गाणारी भागीरथी सरळ सरळ दिसत होती. म्हणजे मागे दाराशी उभी असलेली बाई भागीरथी असूच शकत नव्हती. गजेंद्रने नेमकी तीच कड कापली होती.

"पण तिची ती चेली असेल ना," मयुरी हळूच म्हणाली. "पदर तर उजवाच आहे."

नूतन फोटोकडे बघत राहिली. मग तिने बोट देवीच्या नाकावर ठेवलं.

"नथ कुठल्या बाजूला आहे बघ."

"उजव्या."

"मी वाहिलेली नथ आहे ती. सकाळी जिजींनी माझ्यासमोर घातली. नथ डाव्या नाकपुडीत घालतात, मयुरी. जगात कुठल्या मराठी देवीच्या उजव्या नाकात नथ असते?"

मयुरीच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडला. "माझ्या फोनमध्ये सेल्फी आरशासारखा उलटा येतो. घड्याळ पण बघा, मी डाव्या हातात घालते, इथे उजव्या हातात दिसतंय."

"आणि ही भागीरथी बघ. तिचा पदर खरा उजव्या खांद्यावरून. फोटोत कुठे आहे?"

"डाव्या..."

"मग मागची जी बाई उजव्या पदराची दिसते, ती खरी कशी असेल?"

ती बाई डाव्या पदराची होती. मासी नव्हे. आपली. रोटाच्या स्वयंपाकघरातून जिच्या जाण्या-येण्याकडे कोणी मान वर करूनही बघितलं नसतं अशी.

नूतन कठड्याला टेकली. खाली मिलची धुराडी काळा धूर ओकत होती. फोटोत देवी अजून पाटावर होती, म्हणजे ती गेली त्यानंतर, पडदा ओढल्यावर. पडदा सरकला तेव्हा पाटावर काय काय होतं, ते तिने एकेक करून आठवलं. लुगडं, चुडा, करंडे, हार. समई.

नैवेद्य नव्हता.

देवी चोरणारा रोट आणि खिरीचं ताट कशाला नेईल? चोराने ताट नेलं नव्हतं. ते पाटापुढे ठेवलंच नव्हतं. रिकाम्या पाटापुढे नैवेद्य ठेवायचा हात जिचा उठणार नाही, अशी बाई पडद्याआड होती. आणि पडद्याआड एकच बाई गेली होती.

५

सुभद्राबाईंची खोली वाडीच्या मागच्याच चाळीत होती. दार लोटलेलं होतं. नूतनने ते ढकललं.

घडी घातलेल्या चादरीवर कानबाई बसली होती. चांदीचे डोळे, नाकात नथ. पुढे रोट आणि खिरीचं ताट. पाठोपाठ सुभद्राबाई आत आल्या आणि तिला बघून उंबऱ्यातच बसल्या.

"जिजी, का?"

म्हातारीने पदर तोंडाला लावला. "गजेंद्र परवा घर उना व्हता. म्हने, नूतन आरतीले उभी राहिनी ते पोरं पाट उलथाडतीन, तुले मारतीन. माले भेव वाटनं. मी म्हनं, देवीच नही ते आरती कशी व्हई? उद्या सकायले आपसूक पाटवर ठी देतू. तुनासाठेच करं, बेटा."

कोणीतरी आपल्यासाठी भ्यालं, हे तिला फार दिवसांनी मिळालेलं होतं. पण ते तिला गोड वाटेना.

"ते माझ्यासाठी. आणि भागीरथीला फरफटत आणलं तेव्हा? तुम्ही तिथेच होता. एक शब्द का नाही बोललात?"

सुभद्राबाई गोंधळून तिच्याकडे बघत राहिल्या. खरोखरच त्यांना प्रश्न कळला नव्हता.

"ती काय आपली शे?"

नूतनने भिंतीवर हात आपटला. फळीवरची भांडी खणखणली.

"मग मी कोण आहे, जिजी? तुमच्यात बसवली म्हणून आपली? उद्या मत पडलं नाही, नथ वाहिली नाही, तर मीही तीच ना? तुमच्या मायेला कुंपण आहे, आणि मी त्या कुंपणावर बसलेय इतकी वर्षं! मला वाचवायला सांगितलं होतं कोणी? पाट उलथला असता तर मी उलथणाऱ्याचे हात धरले असते. मार खाल्ला असता. पण माझ्या नावाने दुसरीचा ओठ फोडायचा नव्हता."

म्हातारी रडू लागली. नूतनने तिला जवळ घेतलं नाही.

"उठा. देवी घ्या. आणि वाडीत सगळ्यांसमोर सांगा."

"गजेंद्र माले जित्ती सोडनार नही."

"गजेंद्रला मी बघते."

६

वाडीत कानबाई परतली तेव्हा बायकांनी हात जोडले, काही रडल्या. गजेंद्रच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण क्षणभरच.

"बघा, आई आली!" तो माइककडे धावला. "चमत्कार—"

"माइक खाली ठेव," नूतन म्हणाली.

तिने मयुरीचा मोबाईल वर धरला आणि सगळं सांगितलं. नथीची बाजू, घड्याळाचा हात, पदर, न ठेवलेला नैवेद्य. सुभद्राबाईंनी कबुली दिली. गर्दीत कुजबुज पसरली.

"म्हणजे जिजींनी केलं," गजेंद्र म्हणाला. "मला काय माहीत? मला जो फोटो दिसला तो मी दिला."

"कापून दिलास. भागीरथी दिसत होती तेवढी कड कापलीस. आणि आणखी एक सांग, गजेंद्र. देवी मासींनी नेली असं तुला वाटत होतं ना? मग पोरं पाठवलीस ती मासींना ओढून आणायला. त्यांच्या घरात देवी शोधायला एक माणूस तरी पाठवलास का? पिढ्यान्‌पिढ्यांची कानबाई गेली आणि मंडळाच्या अध्यक्षाने तिला शोधलंच नाही! देवी कुठे आहे, सुखरूप आहे, हे ज्याला ठाऊक असतं तोच शोधत नाही. फोटोतल्या जिजी तू पहिल्या नजरेत ओळखल्यास. तूच त्यांना घाबरवलं होतंस."

सगळे गजेंद्रकडे बघत होते. त्या बघणाऱ्यांत त्याची बायकोही होती.

"मला ही बाई आजही आरतीला नको आहे," उज्ज्वला पुढे येऊन म्हणाली. "पण देवीच्या नावावर खोटं? माझ्या हातचा रोट खाऊन?" तिने विझलेल्या समईची वात सारली आणि काडेपेटी नूतनच्या हातात दिली. त्या संध्याकाळी आरती झाली.

भागीरथीला सोडा म्हणून चौधरींना फोन केला तर ते म्हणाले, साहेब बाहेरगावी आहेत, उद्या-परवा बघू. महेशभाईंचा फोन आला: घरातली गोष्ट घरात ठेवा, म्हातारीचं नाव नको, गजेंद्रचं तर मुळीच नको. मासीला काय, सवय असते.

सकाळी नूतनने कानबाईचा पाट डोक्यावर घेतला. ढोल, फुगड्या, गुलाल. मोठ्या रस्त्याला आल्यावर मिरवणूक तापीच्या दिशेने वळायची. ती तशी वळली नाही. नूतन सरळ चालत राहिली आणि पोलीस ठाण्याच्या फाटकासमोर येऊन उभी राहिली. मागे अख्खा समाज. ढोल थांबले. दोन्ही बाजूंना रिक्षा, टेम्पो अडले.

चौधरी बाहेर धावले. "बेन, हे काय? ट्रॅफिक!"

"सुभद्राबाई जबाब द्यायला आल्या आहेत. मूळ फोटो आणलाय. गजेंद्र देवरे मागे उभा आहे, त्याच्यावर माझी तक्रार आहे. भागीरथी बाहेर आल्याशिवाय कानबाई इथून हलणार नाही."

"वरून फोन आला तर?"

"त्यांना सांगा, नूतन बागुल देवी डोक्यावर घेऊन रस्त्यात उभी आहे. उचलायचं असेल तर दोघींना उचला."

कोणी उचललं नाही. उन्हात तिची मान भरून आली. दोघीतिघी पाट घ्यायला पुढे आल्या, तिने दिला नाही. आत जबाब चालले होते. बऱ्याच वेळाने ठाण्याच्या पायऱ्यांवर भागीरथी दिसली. डोळा पूर्ण मिटलेला, साडी चुरगळलेली. गर्दीने वाट दिली.

ती नूतनसमोर थांबली. देवीला तिने नमस्कार केला. नूतनला नाही.

"आभार मानू?"

"नको."

"ठराव मागे घेशील?"

नूतनने तिच्या नजरेला नजर दिली. "नाही. चौकात गाड्यांसमोर हात पसरणं मला मान्य नाही. काल नव्हतं, आजही नाही. पण तुझ्या अंगाला पुन्हा कोणी हात लावला, तर तो कोणाचा आहे हे मी विचारणार नाही."

भागीरथी हसली. फुटलेल्या ओठाने जेवढं हसता येतं तेवढं.

"मग भेटू चौकात. तू तुझी माणसं घेऊन ये, मी माझी आणते."

"ये."

ती गर्दीतून निघून गेली. एकदाही मागे वळली नाही. नूतनच्या अंगातला राग कमी झाला नव्हता. गजेंद्रवर, महेशभाईंवर, जिजींवर, आणि या जाणाऱ्या पाठीवरही होता. त्या रागाला धरूनच ती इतका वेळ उभी राहिली होती. तिने पाट सावरला आणि ढोलवाल्यांकडे मान वळवली.

"गप्प का झालात? वाजवा."

मिरवणूक तापीकडे वळली.